गळ्यातली कोरी पाटी

बाईंनी मला पहिल्यांदा पाहिलं तेव्हा माझ्या एका हातात पळी होती, दुसऱ्या हातात ताटली होती आणि पातेल्यातली सगळी तर्री माझ्या पोह्यांवर होती.

ज्यांनी नागपुरात सकाळ काढलेली नाही त्यांच्यासाठी सांगतो. इथे पोह्यांवर चण्याचा तिखट रस्सा घालतात. त्या रश्श्यावर लाल तेलाचा जो तवंग तरंगतो, ती तर्री. तिच्याखाली उरतात ते कोमट पाण्यात पोहणारे चणे. जाणता माणूस पळी आडवी धरून वरचेवर तवंग उचलतो. मी मूळचा सांगलीकडचा, पण विदर्भातल्या चार वर्षांच्या नोकरीत ही एक विद्या मी इथल्या लोकांपेक्षा सरस कमावली होती. शिवाय त्या सकाळी रांगेत माझा नंबर पहिला होता.

"मागं किती जण आहेत?" शेजारून आवाज आला.

पाहिलं तर साठी ओलांडलेली एक ठेंगणी बाई. अंगावर सुती साडी, पायांत कॅनव्हासचे बूट, डोक्यावर हेल्मेट. मी तिला कँटीनची मावशी समजलो. कँटीनच्या मावशीनं हेल्मेट का घालावं, हा प्रश्न मला पडला नाही. सरकारी नोकरीत बरीच वर्षं काढली की प्रश्न पडायचे थांबतात.

"असतील पंधरा-सोळा," मी म्हटलं. "मावशी, जरा कांदा आणा."

बाईंनी कांदा आणला. बारीक चिरलेला, वर लिंबाची फोड ठेवून.

अर्ध्या तासानं 'नैसर्गिक संसाधन व्यवस्थापनातील नेतृत्वविकास' या दहा दिवसांच्या प्रशिक्षणाला सुरुवात झाली आणि मुख्य प्रशिक्षक म्हणून त्याच बाई फळ्यासमोर येऊन उभ्या राहिल्या. हेल्मेट टेबलावर ठेवलं. वर्गावरून नजर फिरवत आणली आणि माझ्यावर थांबवली.

"कांदा पुरला का गा?"

एवढंच. पुढचे दहा दिवस मी तर्रीच्या पातेल्याजवळ गेलो की कोणीतरी मागून हा प्रश्न विचारायचंच.

आम्ही सोळा अधिकारी होतो. वनखात्याचे, जलसंधारणाचे, मत्स्य विभागाचे, कृषीचे. जंगल, पाणी, मासे, माती यांचं बरंवाईट आमच्या सहीवर चालतं, असा आमचा समज. बाई स्वतः जंगलखात्यातून निवृत्त झालेल्या. रानात राहून राहून त्यांच्या चालण्याचा आवाज यायचा नाही. आपण कोणाबद्दल तरी काहीतरी बोलत असावं आणि पाठीमागून "मंग?" असं ऐकू यावं, हा त्या प्रशिक्षणातला रोजचा धक्का होता.

हेल्मेटचा उलगडा दुसऱ्या दिवशी झाला. त्या एका जुनाट मोपेडवर येत, म्हणून ते सोबत असायचं. पण त्याचा खरा उपयोग वर्गात होता. कोणी पडद्यावर सादरीकरण सुरू केलं की बाई शांतपणे हेल्मेट डोक्यावर चढवून पट्टा आवळत. मी मोठ्या उमेदीनं 'नेतृत्वाचे अकरा पैलू' दाखवायला उभा राहिलो होतो. मधोमध एक वर्तुळ, त्याच्याकडे चहूबाजूंनी येणारे बाण, वर्तुळात 'नेता'. पहिल्याच चित्राला बाईंनी काचही खाली ओढली.

"मॅडम, काही अडचण?"

"चालू द्या," आतून आवाज आला. "बाण लय आहेत. डोळ्यात जाईन एखादा."

तिसऱ्या चित्रापर्यंत वर्ग हसून आडवा झाला होता. उरलेले आठ पैलू मी आजतागायत कोणाला सांगितलेले नाहीत. जगाचं काही अडलेलंही दिसत नाही.

बाईंचा आवडता शब्द 'काहून'. आपल्याकडचा 'का', पण बाईंच्या तोंडी तो दारावर थाप मारावी तसा यायचा. एकदा मी धीर करून म्हटलं, "मॅडम, तुम्ही प्रत्येक गोष्टीला काहून म्हणता."

"आमच्या आजीनं छप्पन साली इथंच दीक्षा घेतली," त्या म्हणाल्या. "तवापासून आमच्या घरी 'काहून' विचाराले कोणाची परवानगी नाई लागत. तुमच्या हापिसात लागते का?"

मी म्हटलं, "नाही, लागत नाही."

"मंग शेवटी कोणी विचारलं होतं तुले?"

मला आठवेना. आठवत होता तो एक माणूस, ज्याला मी तोंडच उघडू दिलं नव्हतं, पण ते सांगण्यासारखं नव्हतं. तिथे यायचंच आहे, पण आधी पाट्यांचं सांगतो.

पहिल्या दिवशी कांद्याची विचारपूस झाल्यावर बाईंनी पिशवीतून सोळा पाट्या काढल्या. पोरांच्या असतात तशा, लाकडी चौकटीच्या, दोरी ओवलेल्या. म्हणाल्या, "नाव, हुद्दा, पोस्टिंग मले नको. ते तुमच्या गाडीवर लिहिलेलं असते. नोकरीतली सगळ्यात मोठी चूक सांगायची. मी ते पाटीवर लिहीन. दहा दिवस तेच तुमचं नाव."

सगळे एकमेकांकडे पाहू लागले. मग जलसंधारणाच्या एक अभियंता बाई उभ्या राहिल्या. त्यांनी बंधारा बांधला होता, मजबूत, वेळेआधी, फक्त शेजारच्या नाल्यावर. ज्या गावाला तो मिळाला त्या गावानं ताबडतोब सत्कार करून विषय मिटवला होता. बाईंनी त्यांच्या गळ्यात 'दुसरा नाला' घातलं. मग मत्स्य विभागाचा एक तरुण अधिकारी उठला. त्यानं गावतळ्यात मत्स्यबीज सोडलं आणि त्याच दुपारी धानासाठी तळ्याचं तोंड उघडलं. आठवडाभर लोक बांधीत, म्हणजे धानाच्या खाचरात, वाकून मासे वेचत होते. तो 'धानातले मासे'. एकेक पाटी भरत गेली, तसा वर्ग सैल होत गेला. लोक एकमेकांच्या चुकांना टाळ्या देऊ लागले.

माझी पाळी आली. मी घसा साफ केला.

"मॅडम, माझी चूक अशी की मी कामात स्वतःला इतका झोकून देतो की तब्येतीकडे दुर्लक्ष होतं."

बाईंनी खडू खाली ठेवला.

"हे चूक नाई गा," त्या म्हणाल्या. "हा लग्नाचा बायोडाटा आहे. आणि लग्न तर झालेलं दिसते तुझं."

त्यांनी पाटी तशीच, कोरी, माझ्या गळ्यात घातली. "आठवलं की सांग. पाटी कोरी असेल तर प्रमाणपत्रावर माझी सही नाई होत." मग पिशवीतून सतरावी पाटी काढून स्वतःच्या गळ्यात अडकवली. तीही कोरी.

"तुमची चूक, मॅडम?" धानातल्या माशांनी विचारलं.

"माझी दुरुस्तीले टाकली आहे," बाई म्हणाल्या. "शेवटच्या दिवशी मिळन."

आता ती सही मला का हवी होती ते सांगायला हवं. वरच्या पदाच्या यादीत माझं नाव होतं आणि फाईलवर साहेबांनी शेरा मारला होता: नेतृत्व प्रशिक्षण पूर्ण केल्याचं प्रमाणपत्र जोडावे. म्हणजे सही नाही तर बढती नाही. आणि खरी चूक सांगितली तर त्या फाईलमधला सगळ्यात देखणा कागद, माझं प्रशंसापत्र, खोटा पडणार होता. मी आठवडाभर या दोन दगडांच्या मधे उभा होतो, गळ्यात कोरी पाटी अडकवून.

ती चूक अशी.

मी पारशिवनीकडच्या एका रेंजचा, म्हणजे वनपरिक्षेत्राचा, अधिकारी. फेब्रुवारी लागला की आमच्याकडे आगीचा मोसम. कुठे जाळ दिसला की उपग्रहावरून मोबाईलवर संदेश येतो, जागेच्या आकड्यांसकट. मी त्या वर्षी सगळ्यांच्या रजा रद्द केल्या होत्या. वनमजूर सुखदेवनं अर्ध्या दिवसाची मागितली होती, तीही. कशाला हवी, हे विचारलं नाही. विचारलं की माणूस सांगतो आणि सांगितलं की द्यावी लागते, हे माझं तेव्हाचं प्रशासनशास्त्र.

एका सकाळी संदेश आला. मी दोन गाड्या, बारा माणसं, पाच ब्लोअर घेऊन सुटलो. ब्लोअर म्हणजे पाठीवर घ्यायचं यंत्र. नळीतून जोराची हवा मारून वाळला पाला उडवतात, म्हणजे आगीला पुढे खायला काही राहत नाही. वाटेत सुखदेव म्हणाला, "साहेब." मी म्हटलं, मध्ये बोलायचं नाही. थोड्या वेळानं पुन्हा म्हणाला, "साहेब, ते..." मी वळून असं पाहिलं की तिसऱ्यांदा तो नुसता 'सा' म्हणाला.

जंगलाच्या कडेला, गावामागं, खरंच धूर होता. झुडपांतून ज्वाळा दिसत होत्या. माझ्या अंगात वारं शिरलं. मी हात वर केला आणि ओरडलो, "ब्लोअर सुरू."

ते लग्न होतं.

मांडवासाठी जागा साफ करून काट्याकुट्या पेटवल्या होत्या आणि चर खणून जेवणाच्या भट्ट्या लावल्या होत्या. चार ब्लोअरची हवा भट्ट्यांवर बसली आणि राख जी उठली ती वरणात, वांग्याच्या भाजीत, बुंदीच्या कढईत आणि वऱ्हाडाच्या डोळ्यांत. खाकी कपडे पाहून नवरदेवाकडची निम्मी मंडळी शेतात पळाली. जंगलातलं कोणी काय सोबत आणलं होतं, देव जाणे. पाचवा ब्लोअर सुखदेवच्या पाठीवर होता. तो तेवढा नळी आभाळाकडे करून उभा होता. मी त्याच्यावरही ओरडलो.

मग धूर विरला आणि मला मांडव दिसला. त्या क्षणी नेत्यानं जे करायला हवं ते न करता मी विझलेल्या चराचा फोटो काढला, जमलेल्या लोकांना "मोसम आगीचा आहे, सावध राहा" असं बजावलं आणि गाडीत बसलो.

अहवालात लिहिलं: संदेश मिळाल्यापासून अत्यल्प वेळात आग संपूर्ण आटोक्यात. खाली अजून एक ओळ: एका मजुराची यंत्र हाताळणी सदोष आढळल्याने त्यास लेखी समज देण्यात आली.

पावसाळ्यात मला प्रशंसापत्र मिळालं. मी ते फ्रेम केलं. बायकोनं ते देवघराच्या वर लावलं. पत्राच्या जोरावर या प्रशिक्षणासाठी निवड झाली. म्हणजे मी एका लग्नाच्या जेवणात राख कालवून नेतृत्व शिकायला आलो होतो.

हे वर्गात सांगायचं, की गप्प राहायचं? मी गप्प राहिलो. बाई रोज सकाळी माझ्या पाटीकडे एकदा पाहायच्या आणि म्हणायच्या, "खडू देऊ का?"

चौथ्या दिवशी बाईंनी आम्हाला सीताबर्डीच्या बाजारात नेलं. गणवेश नाही, ओळखपत्र नाही, गाडी नाही. एकेका फेरीवाल्याला फक्त बोलून पटवायचं आणि अर्धा तास त्याचं दुकान सांभाळायचं. "खुर्ची काढून घेतल्यावर तुमचं कोण ऐकते ते पाहू," बाई म्हणाल्या.

दुसरा नालाबाई दहा मिनिटांत बांगड्या विकायला लागल्या. धानातल्या माशांनी मोबाईलची कव्हरं लावली. मी एका मोजेवाल्यापुढे उभा राहिलो. माझ्याकडे कोणी बघेना. मग सवयीनं मागे हात बांधले, पोट आत घेतलं आणि म्हणालो, "मी शासकीय अधिकारी आहे. तुमच्या दुकानाबाबत थोडं बोलायचं आहे."

मोजेवाल्यानं माझ्याकडे एकदाच पाहिलं. मग चादरीची चार टोकं एकत्र आली, मोजे पाठीवर गेले, आणि त्यानं पलीकडच्याला शीळ घातली. पट्टेवाला उठला, चष्मेवाला उठला, टोप्यांवाला उठला. मी "अहो ऐका, ऐका" म्हणत मागे धावलो, त्यानं तर रांगेच्या टोकापर्यंतचे लोक पांगले. मिनिटाभरात तो फूटपाथ इतका मोकळा झाला की तिथून जाणाऱ्या एका काकांनी मला नमस्कार केला.

बाई समोरच्या कोपऱ्यावर संत्रं सोलत उभ्या होत्या. साल एका सलग पट्टीत उतरवून त्यांनी फोड माझ्या हातावर ठेवली.

"इतकं काम कराले लोकाईले गाड्या लागतात, पोलीस लागते," त्या म्हणाल्या. "तू नुसत्या उभं राहण्यानं केलं. देणगी आहे गा तुझ्यापाशी."

मी फोड चघळत राहिलो.

"तुले पाहून माणूस पयले पळते," बाई म्हणाल्या. "ज्याले पळता येत नाई तो काय करत असन?"

"काय करतो?"

"नोकरी करते तुझ्या हाताखाली."

आठव्या दिवशी फलकावर क्षेत्रभेटीचं गाव लागलं. ते गाव. तेच.

मी जे जे करता येईल ते केलं. आधी बाईंना सांगितलं, रस्ता फार खराब आहे. "मंग तर जाऊच," त्या म्हणाल्या. "खराब रस्ता कोणाच्या रेंजमधला आहे ते तर समजन." मग सांगितलं, त्या भागात वाघीण आहे, पिल्लं घेऊन. बाईंनी विचारलं, "तिच्या बाजूनं बोलून राहिला का तुझ्या बाजूनं?" शेवटी निघायच्या सकाळी मी पोट धरून आडवा झालो. बाईंनी खोलीच्या दारातून धानातल्या माशांना हाक मारली, "बस भरली की याले मागच्या सीटवर निजव. उलटी आली तर खिडकी आहे." मी उठून बसलो.

गावात कडुनिंबाखाली सतरंज्या टाकल्या होत्या. तर्री-पोह्यांचं मोठं पातेलं होतं आणि बाईंच्या नियमानं त्या दिवशीच्या नेत्यानं सगळ्यांत शेवटी वाढून घ्यायचं होतं. त्या दिवसाचा नेता कोण, हे सांगायला नको. बसजवळ खाकी कपड्यांत सुखदेव उभा होता. त्यानं मला पाहिलं, सलाम केला आणि स्वतःच्या बुटाकडे बघायला लागला.

"गावाले एकच प्रश्न विचाराचा," बाईंनी आम्हाला सांगितलं. "त्याच्यानंतर तोंड बंद."

दुसरा नालाबाईंनी प्रश्न विचारला: "आमच्या खात्यांनी तुमचं काय बिघडवलं, सांगाल का?"

बायका एकमेकींकडे पाहून हसायला लागल्या. मग पन्नाशीची एक बाई पदर खोचून पुढे आली. "माह्या पोरीच्या लग्नात," तिनं सुरुवात केली आणि सगळं गाव सरसावून बसलं. ही गोष्ट गावानं पुष्कळदा सांगितलेली असावी. कोणी कुठे हसायचं, कोणी कुठे भर घालायची, सगळं ठरलेलं होतं.

"बारा जण आले बाप्पा, पाठीवर मशीन घेऊन. म्या म्हटलं, बँडवाले आले का काय."

"नवरदेव हरभऱ्यात लपला होता," मागून एक म्हातारा म्हणाला. "आम्ही अक्षता घेऊन शोधून राहिलो."

"बुंदी काळी झाली. व्याही म्हणते, इकडं काळे तीळ टाकते का बुंदीत?"

माझे सहकारी रडेपर्यंत हसत होते. मीही हसत होतो, म्हणजे दात दाखवत होतो.

"आन् आमचा हा भाऊजी," त्या बाईनं सुखदेवकडे बोट दाखवलं, "घरचं लग्न, सख्ख्या भावाची पोरगी, तरी रजा नाई भेटली. मशीन घेऊन याच्यातच होता. सगळे भट्टीवर हवा मारून राहिले आन् हा एकटा आभाळाले मारून राहिला. साहेब वराडते, हा आभाळाले मारते. माह्या भाजीचं एक पातेलं वाचलं ते याच्यामुळं. त्याच्यावरच पंगत उठली."

"वहिनी, राहू दे ना वं," सुखदेव पुटपुटला.

"काहून राहू दे? वरून कागद देला तुले. बरोबर मशीन चालवत नाई म्हणून."

मी सुखदेवकडे पाहिलं. तो अजून बुटाकडेच बघत होता. त्या बारा जणांत साहेब कोण होता, हे एका शब्दात सांगता येत असताना तो बुटाकडे बघत होता. मला त्याचे ते तीन 'साहेब' ऐकू आले. पहिला पूर्ण, दुसरा अर्धा आणि तिसरा नुसता 'सा'. घरचं लग्न आहे, एवढंच त्याला सांगायचं होतं.

"कोण होता तो साहेब?" धानातल्या माशांनी डोळे पुसत विचारलं.

बाई माझ्याकडे पाहतसुद्धा नव्हत्या. त्या संत्रं सोलत होत्या.

मी उठलो.

"तो साहेब मी," मी म्हणालो. "आणि ती समज चुकीची होती. मशीन त्या दिवशी एकट्या सुखदेवनंच बरोबर चालवलं."

मला वाटलं, आता कोणीतरी चप्पल काढणार. नवरीच्या आईनं नुसता पदर सारखा केला.

"मालूम आहे ना," ती म्हणाली. "बसमधून उतरले तवाच ओळखलं. चष्मा तोच आहे. पाहत होतो, सांगता का नाई." मग पातेल्याकडे वळून म्हणाली, "या, पोहे घ्या. तर्री नाई उरली, पाणी आहे."

मी चणे आणि पाणी घेऊन सतरंजीवर बसलो. सुखदेव शेजारी येऊन उकिडवा बसला आणि त्यानं स्वतःच्या ताटलीतली थोडी तर्री माझ्या पोह्यांवर ओतली. इतक्या तिखट पोह्यांनी डोळ्यांत पाणी येणं साहजिक आहे.

परतताना बसमध्ये मी बाईंकडे खडू मागितला. त्यांनी पाटी घेतली आणि लिहिलं: 'राखेची बुंदी'. बसमध्ये टाळ्या पडल्या. नोकरीत मला पडलेल्या टाळ्यांपैकी तेवढ्याच खऱ्या.

शेवटच्या दिवशी प्रमाणपत्रं वाटली. बाईंनी माझ्या प्रमाणपत्रावर सही केली आणि कागद हातात देण्याआधी स्वतःची पाटी गळ्यातून काढली.

"आता माझी," त्या म्हणाल्या. "निवृत्त झाल्यावर मले एका समितीत बसवलं. प्रशंसापत्रं कोणाले द्यायची त्याची शिफारस करणारी. एक अहवाल आला. लय झकास. इतक्या लवकर आग विझवली, इतक्या लवकर माणसं पोहोचली. त्यात एक ओळ होती, मजुराले समज दिली म्हणून. मले त्या ओळीपाशी थांबाचं होतं. काहून दिली, विचाराचं होतं. मी सही ठोकली आणि चहा प्याले गेली. सहा महिन्यांनी भाजीबाजारात कोणीतरी राखेच्या बुंदीची गोष्ट सांगितली. मी पण हसली. घरी आल्यावर ध्यानात आलं, गाव तेच, हे पत्र आपणच देलं." त्या थांबल्या. "मंग या तुकडीत याचं नाव मीच घातलं. गाव पण मीच निवडलं."

त्यांनी आपल्या पाटीवर दोनच शब्द लिहिले: 'विचारलं नाही'. आणि ती पाटी टेबलावर माझ्या पाटीशेजारी ठेवली.

मी सुखदेवची समज रद्द केली. प्रशंसापत्र परत घ्यावं म्हणून वर लिहिलं. वरून उत्तर आलं की पत्र परत घेण्याची तरतूद नियमांत नाही, आणि आग विझली होती हे खरं असल्यास विषय संपवावा. बढतीची फाईल त्या पत्रव्यवहारात अडकली ती अजून निघालेली नाही. फ्रेम मात्र मी देवघरावरून उतरवली. बायको म्हणाली, काहून? एवढ्या वर्षांत तिनं हा शब्द इथूनच उचलला. मी सगळं सांगितलं. ती इतकी हसली की दूध उतू गेलं.

बाई आता लेकीकडे असतात. आगीचा मोसम लागला की त्यांचा फोन येतो. नमस्कार-चमत्कार नाही, नुसतं "खडू आहे ना?" आणि मी "आहे" म्हटलं की फोन बंद.

परवा दुपारी पुन्हा मोबाईलवर संदेश आला. तोच भाग, त्याच गावामागचं जंगल. माणसं गाडीत चढत होती. मी आधी सुखदेवला बाजूला घेतलं.

"सुखदेव, तिकडे आज कोणाचं लग्न आहे का?"

त्यानं टाचा वर करून धुराकडे पाहिलं, वाऱ्याचा वास घेतला, बोटांवर काहीतरी मोजलं.

"नाई साहेब," तो म्हणाला. "आज खरीच आग आहे. चाला लवकर."

तो पुढे निघाला. मी ब्लोअर पाठीवर घेतला आणि त्याच्या मागे चालायला लागलो.